तुम्ही विचारलंत म्हणून: सगळंच 'धक्कादायक' कसं?

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो हे कळलं की ठाण्याच्या नौपाड्यातल्या लग्नात, मुंजीत, अगदी तेराव्याच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "काय हो, तुम्ही पेपरवाले ऊठसूट 'धक्कादायक' का लावता? मराठीत दुसरा शब्द नाही का?"

खरं उत्तर आधीच देऊन टाकतो: घाई. पान सोडायची वेळ झालेली असते, मथळ्याची ओळ अर्धी रिकामी असते, आणि हाताशी तोच शब्द असतो. वेबसाइटवाल्यांना तर तो उद्गारचिन्हासकट हवा असतो, कारण त्यावर बोटं पडतात. तुमचीच.

शब्दांचा तुटवडा मात्र अजिबात नाही. मराठीत बातमीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा शब्द आहे. बातमी अजून यायची आहे, नुसती शंका आहे, तेव्हा पोटात गोळा येतो. ती कानावर पडते त्या क्षणी काळजात धस्स होतं. नीट कळली की पायाखालची जमीन सरकते. सगळ्यांना फोन करून झाले की माणूस सुन्न बसतो. संकट अजून डोक्यावर असेल तर तोंडचं पाणी पळतं, बिलाचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. आणि तोंडात बोटं घालतात ते बघे. ज्याच्या घरात घडलंय तो कधीच घालत नाही.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या मध्ये वळणावर, भरलेल्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. आमच्या ताईचा डोंबिवलीहून फोन आला. भाचा सकाळचीच गाडी पकडतो. "मेसेज टाकलाय, पण एकच टिक दिसतेय रे," एवढंच ती दर दोन मिनिटांनी सांगत होती. त्याचं "पोचलो" आलं ते बऱ्याच वेळाने. त्या दिवशी कल्याण-कर्जतच्या बाजूला किती घरांत असे गोळे आले असतील! संध्याकाळी माझ्यासमोर आलेल्या कॉपीची सुरुवात होती, 'धक्कादायक घटना घडली'. मी ते तिन्ही शब्द काढले. लोकलमधून माणसं पडली, हे वाक्य पुरेसं होतं.

ही आपली जुनी रीत आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं आणि उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना खबर मिळाली ती सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. त्यात एकही विशेषण नाही. पुढे मराठीने त्या गावाच्या नावाचाच वाक्प्रचार करून टाकला. तारेचंही तसंच होतं. २०१३ च्या जुलैत सेवा बंद झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं 'तार आली' एवढं ऐकूनच बायका डोळ्यांना पदर लावायच्या. आत कुणाच्या बढतीचा मजकूर निघाला तरी.

दुःखाशिवायच्या अनपेक्षित बातम्यांचं आमच्याकडून जास्त वाटोळं होतं. २३ नोव्हेंबर २०१९ घ्या. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकऱ्यांच्या नावावर एकमत झाल्याचं जाहीर झालं होतं, तेच छापून आम्ही मध्यरात्री घरी परतलो. सकाळी आठच्या सुमारास राजभवनात फडणवीस आणि अजित पवार शपथ घेत होते. शेजारचे काका एका हातात आमचा अंक आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन दारात उभे. "अहो, पेपरात एक आणि टीव्हीवर भलतंच. यातलं आजचं कुठलं?" दिवसभर सगळीकडे 'राजकीय भूकंप' चालला. काकांना भूकंपबिकंप काही झाला नव्हता, ते चक्रावले होते. 'राज्य चक्रावलं' असा मथळा कुणी केला असता तर मी त्याला वडापाव खिलवला असता.

भूकंपाचा भाव तर आता फारच उतरलाय. २०२२ च्या जूनमधल्या एकनाथ शिंदेंच्या बंडानंतर ठाण्यात एखाद्या माजी नगरसेवकाने गळ्यातला गमछा बदलला तरी अमुक गटाला 'मोठा धक्का'. मग 'आणखी एक धक्का'. मग 'धक्क्यांची मालिका'. ज्या गटाला बसतो तो निवांत पत्रकार परिषद घेत असतो.

राहिला 'सुखद धक्का'. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो हमखास येतो आणि मी तो हमखास कापतो. आनंदाने हरखून जावं, हर्षवायू व्हावा, आभाळ ठेंगणं व्हावं. धक्क्यात सुख मी एकाच ठिकाणी पाहिलंय. सकाळी ठाणे स्टेशनात मागून जोरात बसतो आणि आपण चक्क डब्याच्या आत असतो.