काय शिवताय?

अमेरिकेत कापड अजूनही वारावर मिळतं. मीटरवर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं, पण 36 इंचांचा हिशेब एकदा डोक्यात बसला की मग काही वाटत नाही. जोॲन फॅब्रिक्स या देशभर पसरलेल्या कापडदुकानांच्या साखळीत कापड कापायचं जे मोठं टेबल असायचं, त्याच्या कडेला हा वार आखलेला असे. आपण निवडलेली ठाणं उचलून आणायची, नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि आपला नंबर पुकारेपर्यंत शेजारणीच्या ढकलगाडीत काय काय आहे ते बघत उभं राहायचं. नंबर आला की पलीकडची बाई ठाण दोन्ही हातांत धरून टेबलावर उलटंसुलटं आपटायला लागे. धप्, धप्, धप्. दर धपेला एक घडी सुटायची. मग तळहाताने सुरकुत्या मोडायच्या, कापड पट्टीला लावून मोजायचं, कात्रीने एक छोटासा छेद द्यायचा आणि पुढे कात्रीची उघडझाप न करता ती नुसती ढकलत न्यायची. सर्रकन कापड दुभंगायचं. माझा हात इतकी वर्षं शिवूनही तसा चालत नाही. आणि हे सगळं करता करता, मान वर न करता ती विचारायची, "काय शिवताय?"

इथे दुकानात पाऊल टाकलं की 'कसे आहात' असं विचारतात आणि त्याचं उत्तर कोणालाच नको असतं. हा प्रश्न तसा नव्हता. त्यामागे कामाचं कारण असे. मोठी नक्षी असेल तर ती जुळवायला पडद्याला कापड जास्त लागतं, फ्लॅनेल पहिल्या धुण्यात आटतं, ते आधीच सांगितलेलं बरं. पण कारण राहू द्या. मोठ्या माणसांना 'सध्या हातात काय काम घेतलंय' असं चौकशीने विचारणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही. लोक उत्तरंही मन लावून द्यायचे. कुणी नातवासाठी क्विल्ट करत असे, कुणी शाळेच्या नाटकातलं झाड. एक आजोबा म्हातारं झालेल्या कुत्र्यासाठी कोट शिवणार होते. झालं, रांगेतल्या दोघी-तिघी लगेच सल्ला द्यायला पुढे. आतून फ्लीस लावा, पोटाखाली वेल्क्रो नको, केसांत अडकतो, बटणंच बरी. आजोबा पावतीच्या पाठीमागे लिहून घेत होते.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीमागच्या पडद्याचं कापड मी तिथूनच आणत असे. पहिल्यांदा नेलं तेव्हा टेबलापलीकडच्या बाईला काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत होते. हत्तीचं डोकं असलेला देव, दहा दिवस, त्यातून आमच्याकडे शनिवार-रविवार बघून दीडच दिवस. तिला त्यातलं काहीच नको होतं. तिने विचारलं, मागची भिंत केवढी आहे आणि दिवे समोरून पडणार की वरून? मग माझं सॅटिन चिमटीत धरून म्हणाली, समोरून पडणार असतील तर प्रत्येक घडी चमकेल, फोटोत नुसतं पांढरं दिसेल. हे क्रेप-बॅक सॅटिन घ्या आणि उलटी बाजू पुढे लावा, ती मंद असते. त्या वर्षीचे फोटो पाहून लोक अजून विचारतात, पडदा कुठून आणला?

तर हे दुकान, म्हणजे ही सगळी दुकानं, 2025 च्या जानेवारीपासून बंद होणार-होणार करत होती. तशी मार्च 2024 मध्येही कंपनीने चॅप्टर 11 खाली, म्हणजे धंदा चालू ठेवून कर्जाची फेरमांडणी करायच्या कायद्याखाली, दिवाळखोरीचा अर्ज केला होता, पण तेव्हा दुकानं उघडीच राहिली आणि काही आठवड्यांत कंपनी त्यातून बाहेरही आली. गिऱ्हाइकांना पत्तासुद्धा लागला नाही. 15 जानेवारी 2025 ला दुसरा अर्ज झाला आणि मग मात्र कुजबुज सुरू झाली. 49 राज्यांत मिळून जवळपास 800 दुकानं, सुमारे 19,000 माणसं कामाला. फेब्रुवारीत आधी बातमी आली की यातली 500 बंद करणार. यादीच छापून आली, राज्यवार, गाववार. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहावीचा निकाल लागल्यासारखी धांदल. आपलं आहे का गं यादीत? आपलं नाही! मग ज्यांचं होतं त्यांना फुलांचे आणि रडक्या चेहऱ्यांचे इमोजी. हा आनंद दोन आठवडेही टिकला नाही. महिना संपायच्या आत कळलं की सगळीच बंद होणार. मे अखेर शेवटची दुकानं मिटली.

'आता शिवतं कोण?' असं यावर सगळेच म्हणाले. माझे यजमानही म्हणाले. मला हे पटत नाही.

1943 मध्ये क्लीव्हलँडला जर्मनीहून आलेल्या कुटुंबांनी एक कापडदुकान काढलं, त्याची ही वाढलेली शाखा-उपशाखा. जोॲन हे नावसुद्धा दोन घरांतल्या दोन मुलींच्या नावांना टाका घालून केलेलं, एक जोन आणि एक जॅकलिन ॲन. पुढे बाजारातले बरेच प्रतिस्पर्धी यांनी गिळले किंवा ते आपोआप गेले. हॅन्कॉक फॅब्रिक्स 2016 मध्ये बुडालं तेव्हा आम्ही म्हणालो होतो, असू दे, जोॲन आहे. खरी गाठ बसली ती 2011 मध्ये. लेनर्ड ग्रीन नावाच्या गुंतवणूक कंपनीने जोॲन सुमारे 160 कोटी डॉलरला घेतली. अशा खरेदीची रीत अशी असते की घेणारा स्वतःच्या खिशातून थोडे पैसे घालतो, बाकीचं कर्ज काढतो, आणि ते कर्ज ज्या कंपनीला विकत घेतलं तिच्याच खात्यावर टाकतो. म्हणजे बटणं, दोरे आणि वाराने कापड विकून जे चार पैसे सुटतात, त्यातून आधी व्याज द्यायचं. उरलं तर दुकान सारवायचं.

मधे 2020 उजाडलं. करोनात अख्ख्या देशाला मास्क हवे होते आणि ते कुठे मिळत नव्हते, तेव्हा माळ्यावरची मशीनं खाली आली. सुती कापड संपलं. इलॅस्टिक तर असं गायब झालं की बायका जुन्या चादरींच्या कोपऱ्यातून उसवून काढत होत्या, केसांचे रबर लावत होत्या. जोॲनने मास्कसाठी कापड फुकटही वाटलं. घरी अडकलेल्या लोकांनी मास्क झाल्यावर पिशव्या केल्या, पिशव्या झाल्यावर क्रोशे शिकले. विक्री इतकी वाढली की मार्च 2021 मध्ये कंपनी 12 डॉलरच्या भावाने शेअर बाजारात उतरली. मग लोक ऑफिसला गेले. मशीन परत माळ्यावर. जहाजाचं भाडं चढलं, व्याजाचे दर चढले, कर्ज तिथेच. दुसऱ्या अर्जाच्या वेळी ते 61 कोटी डॉलरच्या वर होतं, आणि माल वेळेवर पोचत नव्हता. कापडाच्या दुकानात कापड नसेल तर गिऱ्हाईक कितीदा येईल?

गिऱ्हाइकाची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही, हे मान्य केलं पाहिजे. पूर्ण किमतीला इथे कोणी काही घेतच नसे. टपालाने कूपन, फोनवर कूपन, पुढच्या बाईकडे जास्तीचं कूपन. 40 टक्के कमी झाल्याशिवाय कात्री घ्यायची नाही, असा घराघरांत नियम. बटरिकचे कागदी पॅटर्न, ज्यांची सुरुवात 1863 मध्ये मापांनुसार कापलेले कागद विकून झाली आणि ज्यांच्यावर अख्ख्या देशातल्या बायका शिवायला शिकल्या, ते आम्ही सेल लागला की दोन-तीन डॉलरला उचलायचो आणि न उलगडता खणात टाकायचो. तो खण हा या धंद्याचा खरा पाया होता. माणूस जेवढं शिवतो तेवढंच कापड घ्यायला लागला असता तर हे दुकान 1950 लाच बंद पडलं असतं. त्या टेबलावर 'काय शिवताय' याला दिलेली निम्मी उत्तरं पुढे कपाटातच राहिली असतील. ती खोटी नव्हती. कापड कापलं जात असताना तो फ्रॉक डोळ्यांसमोर पुरता शिवून झालेला असतो, हातशिलाईसकट.

दुकान मिटायच्या सेलची तऱ्हा निराळी असते. पहिल्या आठवड्यांत सूट बेताची, शिवाय कूपन बंद, त्यामुळे जाणत्या बायका नुसत्या फिरून जातात. तरी मोह होतोच. सगळ्यात आधी गेला तो पांढरा आणि काळा दोरा. मग क्रीम, नेव्ही ब्लू, राखाडी. शेवटी रिळांच्या उभ्या रॅकवर नारिंगी, पोपटी आणि एक औषधासारखा गुलाबी, एवढेच उरले. ठाणांच्या जागी मधला पुठ्ठा. काचेच्या डोळ्यांच्या बाहुल्या, जुलैतच मांडायचे ते हॅलोविनचे प्लास्टिकचे भोपळे. (अर्धं दुकान या भोपळ्यांना आणि दाराच्या तोरणांना देऊन टाकलं, तेव्हाच काहीतरी बिनसलं होतं असं माझं मत आहे.) मग मांडण्यांवरच किमतीच्या चिठ्ठ्या लागल्या. पुतळे विकायला, हूक विकायला, ते कापायचं टेबलसुद्धा विकायला. दोन धिप्पाड मुलगे ते टेबल बाहेर काढत होते. त्यांना गॅरेजमध्ये हत्यारं ठेवायला हवं होतं.

आता कुठे जायचं? जोॲनचं नाव आणि तिचे स्वतःचे ब्रँड जून 2025 मध्ये मायकल्स या हस्तकलेच्या सामानाच्या साखळीने घेतले, बिग ट्विस्टची लोकर त्यात आली. कापडाचे रॅक त्यांनीही वाढवलेत. हॉबी लॉबी आहे, पण रविवारी बंद, आणि नोकरी करणाऱ्या बाईला शिवायचं सुचतं ते रविवारीच. क्विल्टची छोटी स्वतंत्र दुकानं देखणी असतात, सुती कापड उत्तम, पण तिथे अस्तर मागितलं तर बाई दयेने बघते. फोम, चेन, बकरम, हूक, नाटकातल्या राजाच्या शेल्याला स्वस्तातलं मखमल, असं एकाच छपराखाली मिळत होतं ते गेलं. ऑनलाइन मिळतं सगळं. पडद्यावर हिरवा हिरवाच दिसतो आणि घरी येतो तो शेवाळी. वजन किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, पण कापड अंगावर कसं पडेल ते चुरगाळल्याशिवाय कळत नाही. आणि साडीला जुळणारा दोरा? रीळ उचलून दुकानाच्या दारापर्यंत जायचं, ट्यूबलाइटवर विश्वास ठेवायचा नाही, उजेडात धरून बघायचं. चार रिळं घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईला तिथे कोणी चोर समजत नसे.

या वर्षी मंडळाने दिवाळीच्या नाटकासाठी तोड काढली आहे. वेशभूषा बघणाऱ्या काकूंनी सगळ्यांना आपापली कपाटं उघडायला लावली आणि जे असेल ते तक्त्यात भरायला सांगितलं. पहिल्या दिवशी लोक लाजत होते. एकीने 'थोडंसं सुती, दोनेक वार' असं लिहिलं, तिच्या नवऱ्याने खाली फोटो टाकला, पलंगाखालच्या खोक्यांचा. मग धीर चेपला. जांभळं क्रेप, चार वार. बाळाचं हत्ती-हत्तीचं फ्लॅनेल, साडेतीन वार, बाळ आता कॉलेजात. जरीची लेस, तीन घरांतून एकाच नमुन्याची. लाल मखमल इतकं निघालं की एकाऐवजी तीन राजे घेता येतील का, असा दिग्दर्शकाला निरोप गेलाय. पांढरं अस्तर सगळ्यांकडे. इलॅस्टिक एकीकडेही नाही.