फॅमिकॉमसाठी साइड-स्क्रोलर शूटर: 'घार'चा प्रोग्रेस लॉग

मंडळी, 'घार' म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या फॅमिकॉम कन्सोलसाठी मी लिहीत असलेला, आडव्या सरकत्या पडद्यावरचा गोळीबाराचा गेम, त्याचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. पहिली लेव्हल सुरुवातीपासून बॉसच्या दारापर्यंत खेळता येते, जहाजामागे दोन पिल्लं (त्याच्या मागोमाग येणारे छोटे साथीदार) उडतात, स्क्रोलिंग कुठेही अडखळत नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शत्रूची गोळी आता कधीच, एका फ्रेमसाठीसुद्धा, गायब होत नाही. वेळ सगळ्यात जास्त त्यावरच गेला, त्यामुळे लॉगही त्यावरच जास्त आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेम फॅमिकॉम आणि एनईएससाठी (त्याच कन्सोलची जपानबाहेरची आवृत्ती) आहे, पूर्ण ६५०२ असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, त्याचा मशीन कोड करायला सीए६५ असेंब्लर, टेस्टिंग आधी मेसेन इम्युलेटरवर (पीसीवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम) आणि मग खऱ्या मशीनमध्ये, पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या ६० पिनच्या फ्लॅश कार्ट्रिजवर. समोर ठेवलंय ग्रेडियस. कोनामीने १९८५ ला आर्केडवर आणलेला तो गेम १९८६ मध्ये फॅमिकॉमवर आला तेव्हा जहाजामागच्या चार ऑप्शनचे (तिथल्या पिल्लांचं नाव) दोन झाले. मला लहानपणापासून ते दोनच माहीत होते, चार असतात हे फार नंतर कळलं, आणि ते दोनच का ठेवावे लागले हे आता स्वतः कोड लिहायला बसल्यावर नीट समजलं.

कारण असं की या मशीनच्या ग्राफिक्स चिपला एका वेळी ६४ स्प्राइट (पडद्यावर कुठेही हलवता येणारे ८ पिक्सेल रुंद चित्राचे तुकडे) दाखवता येतात, पण एका आडव्या स्कॅनलाइनवर, म्हणजे पडद्याच्या एका ओळीवर, फक्त ८. पंगतीत आठच ताटं मांडलीयत, नववा आला की उपाशी, तो त्या ओळीवर दिसतच नाही. आणि साइड-स्क्रोलरमध्ये सगळ्यांना नेमकं एकाच ओळीत यायचं असतं, जहाज डावीकडे, त्याच्या मागे पिल्लं, पुढे आपल्या गोळ्या, समोरून शत्रू आणि त्याच्या गोळ्या, सगळं आडवं. माझं जहाज आधी २४ पिक्सेल रुंद होतं म्हणजे ३ स्प्राइट, पिल्लं १६-१६ ची म्हणजे २-२, तिघं एका रेषेत आले की ७ झाले आणि अख्ख्या जगासाठी जागा उरली १. म्हणून जहाज १६ पिक्सेलवर आणलं आणि पिल्लं ८ रुंद, १२ उंच अशी उभ्या शंकरपाळ्याच्या आकाराची केली. आता तिघांचे मिळून ४, बाकीच्यांना ४. जहाजाचं नाक गेलं, ते मला खूप आवडायचं, पण खेळताना फरक जमीन-अस्मानाचा पडतो.

आता खरा मुद्दा. ओळ भरली की कोणीतरी लपणारच, मग कोण लपलं तर चालेल हे आपण ठरवायचं. नेहमीची पद्धत म्हणजे दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम फिरवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा कोणीतरी कापला जातो आणि सगळे थोडे थोडे लुकलुकतात. मला हे सरसकट मान्य नाही. आपलं जहाज लुकलुकलं तरी ते कुठे आहे हे हाताला माहीत असतं, आपली गोळी लुकलुकली तर बिघडत नाही, पण शत्रूची गोळी नेमक्या त्या क्षणी दिसली नाही आणि आपण मेलो तर तो खेळाडूवर अन्याय आहे, सरळ अन्याय. म्हणून स्प्राइट टेबलमध्ये नंबर ० स्टेटस बारसाठी (पडद्यावरची माहितीची पट्टी) राखीव, १ ते ८ फक्त शत्रूच्या गोळ्या, कायम. चिप आधीच्या नंबरांना आधी जागा देते, गोळी एक स्प्राइट रुंद आहे आणि स्क्रीनवर शत्रूच्या एका वेळी आठच गोळ्या असतात, म्हणजे आठही एका रेषेत आल्या तरी सगळ्या दिसणार. उरलेल्या ५५ जागा फिरवतो, दर फ्रेमला सुरुवात १७ ने पुढे सरकते, ५५ आणि १७ ला सामाईक भाजक नाही त्यामुळे फेरी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक जागेची पाळी येते. जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीवर हे लुकलुकणं बरंच मऊ दिसतं, एलसीडीवर जरा टोचतं.

शिवाय शत्रूंच्या रांगाच आता तिरक्या येतात, एकाखाली एक १६ पिक्सेल सोडून. दिसायलाही छान आणि ओळीवरचा भारही कमी.

पिल्लांचं लॉजिक बऱ्याच जणांनी विचारलं होतं. जहाज याआधी जिथे होतं त्या शेवटच्या ३२ जागा एका गोल बफरमध्ये (भरला की सर्वात जुनी नोंद पुसून पुढे लिहिणारी यादी) ठेवतो, एक्स आणि वाय मिळून ६४ बाइट. एकूण रॅम २ केबी आहे हे लक्षात घेता हे महाग वाटेल, पण करण्यासारखं आहे. पहिलं पिल्लू १२ नोंदी मागची जागा वाचतं, दुसरं २४ मागची. आणि नोंद फक्त जहाज हललं तरच होते, थांबलं की पिल्लंही जिथल्या तिथे थांबतात, त्यामुळे त्यांना हवं तिथे पसरवून ठेवता येतं, एक वर एक खाली असं. ग्रेडियस खेळलेल्याला हे बोटांनीच कळेल.

मागचे तारे हा माझा सगळ्यात लाडका भाग झालाय. या मशीनला बॅकग्राउंडचा थर एकच, आणि ताऱ्यांवर स्प्राइट उधळणं परवडत नाही. पण मी टाइल्स (बॅकग्राउंड ज्यांनी बनतं ते ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन) रॅममध्ये ठेवतो म्हणजे त्या चालू गेममध्ये बदलता येतात. चार टाइल शेजारी-शेजारी, ३२ पिक्सेलची पट्टी, त्यात एक ठिपका. बॅकग्राउंड दर फ्रेमला एक पिक्सेल डावीकडे जातं आणि मी दर दुसऱ्या फ्रेमला ठिपका टाइलच्या आत एक पिक्सेल उजवीकडे सरकवतो, चार बाइटमधून आरओआर (बिट उजवीकडे सरकवणारी प्रोसेसरची आज्ञा) करत. परिणाम असा की तारे डोंगरांच्या निम्म्या वेगाने चालतात आणि खोली दिसते, खर्च मोजून काही बाइटचा. पहिल्यांदा चाललं तेव्हा कंट्रोलर खाली ठेवून नुसता बघत बसलो.

आता आपल्याकडच्या क्लोन कन्सोलविषयी (फॅमिकॉमच्या स्वस्त नकला), कारण आपल्यापैकी बहुतेकांनी हे मशीन नव्वदच्या दशकात 'टीव्ही गेम' आणि कॅसेट म्हणूनच पाहिलंय. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झ. माझ्याकडचा क्लोन त्यातलाच, सेकंदाला ५० फ्रेम, त्यामुळे ६० साठी लिहिलेला गेम त्यावर सहा भागांपैकी पाच इतक्याच वेगाने, म्हणजे रेंगाळत चालतो. गेम सुरू होताना दोन फ्रेममधलं अंतर एका लूपने मोजतो: जपान-अमेरिकेच्या मशीनवर साधारण २९,७८० सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके), युरोपच्या पाल मशीनवर ३३,२४७, आणि या क्लोनवर ३५,४६४. तिन्ही आकडे इतके लांब आहेत की घोटाळा होत नाही. मग ५० वर जहाजाचा वेग १.५ वरून १.८ पिक्सेल, पिल्लांचं अंतर १२-२४ ऐवजी १०-२०, दोन्हीकडे पहिलं पिल्लू बरोबर १८ पिक्सेल मागे राहतं. संगीताचं रूटीन दर पाचव्या फ्रेमला दोनदा चालवतो, टेम्पो जागेवर.

आवाजात अजून एक गंमत सापडली. या क्लोनच्या चिपमध्ये स्क्वेअर वेव्हचे २५ टक्के आणि ५० टक्के ड्युटी (लाट किती वेळ वर राहते त्याचं प्रमाण, ज्यावर सुराचा पोत ठरतो) अदलाबदल झालेले असतात, त्यामुळे जिथे भरीव सूर हवा तिथे नाकातला येतो. हे गेमला आपोआप ओळखता येत नाही म्हणून ऑप्शन मेनूत एक स्विच दिलाय, दोन्ही ऐकून बघायचं आणि जे बरं वाटेल ते ठेवायचं.

पुढचं काम बॉस. तो स्प्राइटचा करणं शक्यच नाही, आठची ओळ तिथेच संपते, त्यामुळे अख्खा बॉस बॅकग्राउंड टाइलचा, मागे काळं आकाश, आणि तो हलवायचा म्हणजे पूर्ण बॅकग्राउंड स्क्रोल करायचं. आडवं सोपं आहे. उभ्यासाठी वरच्या स्टेटस बारखाली फ्रेमच्या मध्येच ग्राफिक्स चिपचे २००६, २००५, २००५, २००६ या पत्त्यांचे स्क्रोल ठरवणारे रजिस्टर अशा क्रमाने लिहावे लागतात आणि शेवटचं लिखाण त्या ओळीच्या अगदी कडेला, चित्र संपल्यावर पडावं लागतं. मेसेनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक लिखाण कुठे पडतं ते ठिपक्यांनी दिसतं, ते बघत सायकल जुळवतोय.

कोणाकडे जुना क्लोन आणि ट्यूबवाला टीव्ही दोन्ही चालू स्थितीत असतील तर प्लीज सांगा, रॉम (गेमची फाइल) पाठवतो. मला मुख्यतः दोन गोष्टी हव्यात: स्टेटस बारखालची रेघ थरथरते का, आणि मेनूतल्या स्विचची कोणती बाजू तुमच्या मशीनवर बरोबर वाजते.