लय वाक्याच्या शेपटाशी असते

दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की हा प्रश्न ठरलेला. एकाचा लेख वाचता वाचता कधी संपला ते कळत नाही, आणि तेवढाच मजकूर दुसऱ्याच्या हातात दुसऱ्याच परिच्छेदाला जड होतो, असं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: आधी वाक्यांची शेपटं तपासा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, त्यामुळे ठोका तिथंच पडतो. हे बघा:

"पणजीहून निघालेली फेरीबोट बेतीच्या धक्क्याला लागली होती. पाऊस पडत होता. माणसं छत्र्या उघडत होती. एक बाई पावांची पिशवी घेऊन उभी होती."

व्याकरण चोख. पण चारही वाक्यं 'होती-होता'वर आपटतात आणि तिसऱ्यालाच कान कंटाळतो. आता हे:

"फेरीबोट बेतीच्या धक्क्याला टेकली. पाऊस होताच. छत्री इथंच उघडावी की रस्त्यावर पोचल्यावर, या घोळात माणसं पुढं सरकत होती. आणि त्या रेट्यात, पदराखाली पावांची पिशवी धरून, एक बाई."

चार शब्द, दोन शब्द, मग सलग बारा. 'होताच'मधल्या 'च'नं पाऊस मघापासून पडतोय हे सांगून टाकलं, एक अख्खं वाक्य लिहायचं वाचलं. 'सरकत होती' मुद्दाम ठेवलंय, कारण ती हालचाल चालूच आहे. शेवटी क्रियापदच नाही, म्हणून नजर त्या बाईवर थांबते. ही युक्ती कळली की नवे लेखक दर परिच्छेदाच्या टोकाला एक बाई उभी करतात. छापील पानात एकदा पुरे.

उलटी चालही आहे, आणि ती आपल्याकडे जुनी आहे. ग्रंथातल्या ओवीचे तीन चरण यमकानं बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. गोव्यात आलेल्या इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, १६१६ साली गोव्यातच राचोलला छापलेलं, याच छंदात आहे. गद्याला यमक नको, पण तीन लांब वाक्यांनंतरचा तो आखूड चौथा पाय जरूर उचलावा.

स्वल्पविरामावर फार विसंबू नका. बखरींना विरामचिन्हं नव्हती. 'येऊन', 'करून', 'घेऊन' यांवरच लांबलचक वाक्यं चालत. स्वतःच्या वाक्यातले स्वल्पविराम पुसून मोठ्यानं वाचा. अर्थ अडखळला तर मोडतोड वाक्यातच आहे, चिन्हानं ती झाकू नये.

गोव्यातल्या लेखकांची एक खोड वेगळीच. घरात कोंकणी, कागदावर मराठी; मग कुणी हसेल या भीतीनं भाषा इस्त्री करून ठेवतात. 'कुळागर' लिहून पुढं कंसात 'सुपारी-नारळाची बाग'! कंस आला की चालती लय तिथंच बसते. त्यापेक्षा "कुळागरात पाटाचं पाणी सोडलं, पोफळींच्या बुंध्यांशी ते मुरेपर्यंत दुपार झाली" असं लिहा. लातूरच्या वाचकालाही कळतं.