गाठ शोधायची, पण आधी त्वचा आडवी येते: माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला मायक्रोवेव्ह अँटेनांनी स्तनातली गाठ शोधण्याचा. तत्त्व सरळ आहे. चरबीत पाणी कमी, गाठीत जास्त. त्यामुळे काही गिगाहर्ट्झच्या लहरी चरबीतून निघून जातात आणि गाठीवर आपटून थोड्या परततात. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, असतात तसे क्ष-किरण नाहीत, स्तन दाबायचा नाही. आमची पॉवर होती १ मिलिवॉट, मोबाइलपेक्षा कितीतरी कमी.

ब्रिस्टल विद्यापीठाने ६० अँटेना अर्धगोलात बसवून असं यंत्र केलंय. बाई पालथी झोपते आणि स्तन त्या वाटीत येतो. आमच्याकडे पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) छापलेले मोजके अँटेना, फिरणारं स्टँड आणि लहर पाठवून परत आलेली मोजणारा नेटवर्क अॅनालायझर एवढंच होतं. लहर हवेतून थेट त्वचेवर गेली तर बरीचशी तिथूनच परतते, म्हणून मध्ये तेल भरलं. तेलात लहर आखूड होते, म्हणजे अँटेनाचं डिझाइनही तेल धरूनच करायचं.

स्तनाच्या जागी फँटम, म्हणजे नकली स्तन: तेल आणि जिलेटिनची चरबी, वर जास्त पाण्याच्या जिलेटिनची पातळ त्वचा, आत गाठ म्हणून छोटी गोळी. याला बुरशी फार लवकर धरते. वरून वाळलं की पाणी उडतं आणि रीडिंग बदलतात, त्यामुळे क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये.

पहिला ग्राफ पाहिला तर एकच भलामोठा डोंगर. ती त्वचा! गाठीचा सिग्नल त्याखाली पार गाडला गेलेला. उपाय असा की एकदा मोजायचं, अँटेना थोडे फिरवून पुन्हा मोजायचं आणि वजाबाकी करायची. त्वचा दोन्ही वेळा सारख्याच अंतरावर, म्हणून ती कटते, गाठ उरते. पण फँटम केंद्रापासून जरा सरकला तरी त्वचेचा उरलेला भाग गाठीसारखा चमकतो. केबल वाकली तरी फेज, म्हणजे लहरीच्या चढ-उताराची वेळ, बदलते. माझा निम्मा वेळ केबल बांधण्यातच गेला असेल.

पुढे कोड. चित्रातल्या प्रत्येक बिंदूपर्यंत लहर जाऊन यायला किती वेळ लागेल ते काढायचं, तेवढे सिग्नल सरकवायचे, बेरीज करायची. गाठीच्या जागी सगळे जुळतात. गोळी पडद्यावर दिसली तेव्हा मॅडमनी आधी विचारलं, "गोळी काढून मोजलंस का?" मोजलं. डाग गेला. मग त्या हसल्या.

खरी पंचाईत नंतर झाली. फँटममध्ये दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या ऊतीसारखे तुकडे टाकले आणि चित्र गढूळ झालं. २००७ च्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात हेच दिसलं होतं: चरबी आणि कर्करोग यांच्या विद्युत गुणधर्मांत फरक दहा पटींपर्यंत, पण ग्रंथी आणि कर्करोगात जेमतेम १० टक्के. आणि मॅमोग्राफीही नेमकी दाट ग्रंथींच्या स्तनातच कमी पडते.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हे मॅमोग्राफीऐवजी वापरता येईल? मी सरळ नाही म्हटलं आणि ग्रंथीवाला गढूळ ग्राफच पुढे ठेवला. बाकीचे सगळे प्रश्न त्याच ग्राफवर आले.