इंजेराच्या मापाचं टेबल

इथिओपियात जेवणाचं टेबल ताटाएवढं असतं, ताट इंजेराएवढं, आणि इंजेरा ज्या मातीच्या तव्यावर होतो त्या तव्याएवढा. या तव्याला मिताद म्हणतात. व्यास साधारण ५० ते ६० सेंटिमीटर. तव्यापासून निघालेलं हे माप टोपली विणणाऱ्या बाईच्या हातात जातं, तिथून स्टुलाच्या उंचीत उतरतं, आणि एका वेळी किती माणसं एकत्र जेवणार हेही तेच ठरवतं. माझं काम फर्निचर डिझाइनचं. एखाद्या पदार्थानं फर्निचर घडवल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ते बघायलाच मी अदीस अबाबाला गेले.

मुंबईहून अदीसला थेट विमान आहे. शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच. विषुववृत्त फार लांब नसूनही संध्याकाळी स्वेटर लागतो आणि जिना चढताना सुरुवातीला धाप लागते. शहराबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय, मी थेट स्वयंपाकघरात शिरते.

ओळखीतून एका कुटुंबाकडे माझी राहायची सोय झाली होती. घरातल्या आजींना सगळे ‘एमामा’ म्हणत, मीही तेच म्हणू लागले. एमामांनी सकाळीच चूल पेटवली होती. टेफ नावाच्या धान्याचा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. त्याचं पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात, आणि आधीच्या खेपेचं पिवळसर पाणी, एर्शो, त्यात विरजण म्हणून घालतात. आपल्या आंबोळीचा थोरला भाऊ म्हणावा असा हा इंजेरा. एमामा पीठ ओतत होत्या ते तव्याच्या कडेपासून सुरू करून, गोल गोल फिरवत मध्याकडे. वर झाकण ठेवायचं, एकाच बाजूनं भाजायचा, उलटायचा नाही. वरच्या अंगाला बारीक जाळी पडली की सेफेद नावाची सपाट विणलेली चकती खालून सरकवायची, इंजेरा अलगद तिच्यावर येतो. एवढा मोठा, मऊ, ओलसर इंजेरा चिमटीत धरून वाढता येत नाही. त्याला खालून पूर्ण आधार द्यावाच लागतो. मेसोबचा जन्म या गरजेतून झालाय असं मला तिथं उभं राहून वाटलं.

मेसोब म्हणजे गवताचं विणलेलं टेबल. टोपलीच आहे ती, पण पायावर उभी. वर पसरट तोंड, मध्ये बारीक कंबर, खाली पुन्हा रुंद होत गेलेली बैठक, आणि वरून शंकूच्या आकाराचं उंच झाकण. परवानगी मागून मी टेप लावला. तोंड ५८ सेंटिमीटर, झाकण सोडून उंची ५०, कंबर २५च्या आसपास. शेजारी बेरचुमा ठेवलेले, म्हणजे तीन पायांचे ठेंगणे लाकडी स्टूल, ३० सेंटिमीटरच्या आतबाहेर उंचीचे. जमीन उंचसखल असली तरी तीन पाय डगमगत नाहीत.

या कंबरेबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. इतक्या खाली बसलं की गुडघे वर येतात आणि पुढेही येतात. नेहमीच्या टेबलाचे चार पाय आणि त्यांना जोडणारी पट्टी नेमकी तिथंच आडवी आली असती. मेसोब बरोबर त्याच उंचीला आत जातो आणि पाच जणांच्या गुडघ्यांना जागा करून देतो. गुडघ्यांखाली तो पुन्हा पसरतो, त्यामुळे कडेवर कुणाचा हात पडला तरी कलंडत नाही. आम्ही ज्याला आज लाडानं ‘पेडेस्टल’ म्हणतो आणि ज्यात कलंडू नये म्हणून लोखंडी तबकडी घालतो, ते काम इथं गवत करतंय. शिवाय वजन इतकं कमी की जेवण झालं की घरातली मुलगी एका हातानं उचलून भिंतीशी ठेवते. एकाच खोलीत बसणं, जेवणं, झोपणं असतं तिथं ही मोठीच सोय.

झाकणामागेही विचार आहे. डोंगरमाथ्यावरची हवा कोरडी, उघडा इंजेरा बघता बघता कडक होतो. एमामांच्या सुनेनं सांगितलं की प्लास्टिकखाली ठेवला तर त्याला घाम येतो आणि तो चिकट होतो. गवत ती वाफ थोडी शोषून घेतं, थोडी बाहेर सोडतं. इंजेरा ना वाळत, ना भिजत.

जेवणाआधी पाण्याचा तांब्या आणि तस्त घेऊन घरातली धाकटी मुलगी प्रत्येकापाशी येते, हात जागेवरच धुवायचे. बुधवार होता. बुधवारी आणि शुक्रवारी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवास पाळतात, त्या दिवशी मांस, अंडी, दूध वर्ज्य. म्हणून मेसोबवर बेयायनेतू होतं: एक मोठा इंजेरा अंथरलेला, त्यावर मसुराचं तिखट मिसिर वोत, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो, परतलेली पालेभाजी गोमेन, कोबी-बटाटा, बीट. शाकाहारी माणसानं बुधवार-शुक्रवारी तिथं निर्धास्त जेवावं. रविवारी त्याच इंजेरावर मध्यभागी दोरो वोत आला, कोंबडीचा लालजर्द रस्सा, त्यात उकडलेली अंडी. बेर्बेरे मसाल्याचा वास घरभर.

वाढायची पद्धत टेबलाशी घट्ट जोडलेली आहे. रस्सा मध्ये पडतो आणि यजमानीणबाई तिथून प्रत्येकाच्या दिशेनं थोडा थोडा सारते. आपल्यासमोरच्या भागातलंच खायचं. मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर सगळ्यांना सारखंच. वर्तुळाला डोकं नसतं, त्यामुळे ‘मुख्य’ खुर्चीही नसते. मान द्यायचा असतो तो वेगळ्या तऱ्हेनं: आधी हात कुणाचे धुवायचे, चांगला तुकडा कुणाकडे सारायचा, आणि गुर्शा कुणाला द्यायची. गुर्शा म्हणजे इंजेराच्या तुकड्यात कालवण गुंडाळून स्वतःच्या हातानं दुसऱ्याच्या तोंडात घातलेला घास. एमामांनी मला पहिली गुर्शा दिली ती समोरच्या बाजूनं, बसल्या बसल्या, जराशा पुढे झुकून. घास चांगला भरभक्कम होता आणि तो नाकारायचा नसतो.

खालचा इंजेरा शेवटी उरतो. सगळे रस्से मुरलेला, मऊ, तिखट. माझ्या मते जेवणातला सर्वांत चांगला भाग तोच. तोही संपला की ताट संपलं.

दुसऱ्या दिवशी सिदिस्त किलोला विद्यापीठाच्या आवारातलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय पाहिलं. इमारत म्हणजे सम्राट हैले सेलासी यांचा जुना राजवाडा. १९६० च्या फसलेल्या बंडानंतर तो त्यांनी विद्यापीठाला दिला. वस्तू जन्म, बालपण, मोठेपण, मृत्यू अशा क्रमानं मांडल्यात, सम्राटांची शयनगृहंही जपून ठेवलीत. माझं काम होतं ते अगेलगिलशी. चामड्यानं मढवलेली गोल, झाकणाची टोपली, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायची. इंजेरा आणि कालवण घालून प्रवासाला निघायचं, आणि सोडलं की वाटेत कुठंही जेवणाची जागा तयार. फर्निचर खांद्याला अडकवून नेण्याची इतकी सुटसुटीत कल्पना पाहून मी त्या काचेपाशी बराच वेळ रेंगाळले.

मेसोब कसा विणतात ते बघायला पूर्वेकडच्या हरारला गेले. दिरे दावापर्यंत विमान, पुढे सुमारे ५० किलोमीटर चढाचा रस्ता. हरारचं जुनं गाव, जुगोल, तटबंदीच्या आत आहे. २००६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. अरुंद बोळ, रंगवलेल्या भिंती, जागोजागी मशिदी. फ्रेंच कवी रँबोच्या नावानं दाखवतात ते लाकडी, नक्षीदार घर एका भारतीय व्यापाऱ्यानं बांधलेलं आहे. मला मात्र ओढ होती ती हरारी घरांची. मुख्य खोलीत खुर्ची-टेबल जवळजवळ नाहीच. वेगवेगळ्या उंचीचे पाच ओटे, नदाबा, हीच बैठक, आणि कुठल्या ओट्यावर कोण बसणार हे ठरलेलं. ओट्यांना तांबडा रंग. १८८७ मध्ये चेलेन्कोच्या लढाईत मेनेलिकच्या (तो पुढे इथिओपियाचा सम्राट झाला) फौजेपुढे पडलेल्यांच्या रक्ताची ती आठवण, असं घरमालकीण सांगत होती. आणि भिंतीभर टोपल्या, छोट्या-मोठ्या, रंगीत, रांगेत टांगलेल्या. वापरायच्या वेळी काढायच्या, एरवी त्याच घराची शोभा.

तिथल्याच एका अंगणात एक बाई मेसोबचं तोंड विणत होत्या. गवताची भिजवलेली जुडी, ती वेटोळं करत न्यायची, वरून दुसऱ्या गवताची पट्टी गुंडाळायची, आणि वेस्फे नावाच्या आरीनं आधीच्या फेऱ्याला भोक पाडून ती पट्टी त्यातून ओढून घ्यायची. एकेक टाका. जुडी संपत आली की नवं गवत आतूनच असं सरकवायचं की जोड दिसत नाही. नक्षीचा कागद नव्हता. ओठांतल्या ओठांत टाके मोजणं चालू होतं, आणि ठरलेल्या टाक्याला लाल, हिरवं किंवा काळं गवत येत होतं. एमामांचं पीठ कडेकडून मध्याकडे गोल गेलं होतं, ही वीण मध्यातून सुरू होऊन कडेकडे गोल येत होती. व्यास किती ठेवता, असं विचारलं तर त्यांनी आपला हात विणीवर आडवा ठेवला: कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात आणि वर चार बोटं. मोठ्या मेसोबला घरकाम सांभाळून महिनोन्‌महिने लागतात. त्याची किंमत ऐकून घासाघीस करणाऱ्या प्रवाशांनी आधी एक फेरा पूर्ण होईपर्यंत शेजारी बसून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

परत अदीसला आल्यावर नवं फर्निचर बघत फिरले, कारण जुन्या वस्तूचं खरं बळ तिची नवी रूपं करताना कळतं. हॉटेलांच्या लॉबीत मेसोबवर काच बसवून केलेली टीपॉय दिसली. रंग तेच, कंबर तीच, पण जेवणाशी संबंध तुटलेला. काचेवर मासिकं. काही ठिकाणी मेसोबची नक्षी लांबट, आठ माणसांच्या डायनिंग टेबलाच्या कडेनं कोरली होती. मला हे पटत नाही. नक्षी उचलली आणि माप सोडलं तर हातात सजावट उरते. उपाहारगृहांतले पत्र्याचे मेसोब दिसायला साधे, पण इनॅमलचं ताट त्यात घट्ट बसतं, गुडघ्यांना जागा राहते, रोज धुता येतात. मला ते जास्त प्रामाणिक वाटले. तसंच रेकेबोतचं. कॉफीच्या सिनी, म्हणजे बिनकानाचे छोटे कप, मांडायचा हा ठेंगणा लाकडी चौरंग. भाजणं, कुटणं, जेबेना, म्हणजे कॉफीची मातीची सुरई, निखाऱ्यावर ठेवणं, सगळं जमिनीलगत बसूनच होतं आणि त्याच फुफाट्यावर तीन वेळा कॉफी येते: अबोल, तोना, बरका. बसणाऱ्या बाईच्या हाताच्या पल्ल्यात सगळं यावं म्हणून रेकेबोत ठेंगणा. नव्या कारखान्यांतही त्याची उंची वाढवलेली मी पाहिली नाही.

एका सुताराच्या कारखान्यात मला हवं होतं ते सापडलं. वयानं मोठे, त्यांची पोरं त्यांना ‘गाशे’ म्हणत. वान्झा हे तिथलं फर्निचरचं नेहमीचं लाकूड. त्याची कडी एकावर एक चिकटवून गाशे लेथवर मेसोबचा पाया काढत होते. पॉलिश केल्यावरही कड्यांचे थर दिसत होते. गुडघेदुखीमुळे म्हाताऱ्या माणसांना बेरचुमावर बसवत नाही, ऑफिसात खुर्चीची सवय लागलेल्या तरुणांनाही नाही. म्हणून त्यांनी बैठक ४२ सेंटिमीटरवर नेली आणि टेबल ६२वर. व्यास मात्र ६०च. ताटाला बोटभर खोल खाच, आणि कड आतून गोलावलेली, कारण गवत मनगटाखाली दबतं, लाकूड दबत नाही. झाकण लाकडाचं केलंच नव्हतं. ते एका विणकरीणबाईंकडून गवताचंच करून घेतलं होतं, लाकडी टेबलावर थेट बसेल अशा मापाचं.

मी तिथं असतानाच एक गिऱ्हाईक आलं. घरात आठ माणसं, टेबल ९० सेंटिमीटरचं हवं. गाशे वाद घालत बसले नाहीत. खडू घेतला, फरशीवर ९० सेंटिमीटरचं वर्तुळ काढलं, एका बाजूला त्या गृहस्थांना बसवलं, समोर त्यांच्या बायकोला, आणि म्हणाले, द्या बघू गुर्शा. त्यांनी हात लांबवला, कंबरेतून वाकले, तरी घास वर्तुळावरच राहिला. बाई हसायला लागल्या. गाशेंनी शेजारी ६० सेंटिमीटरची दोन वर्तुळं काढली. त्या कुटुंबानं दोन टेबलांची ऑर्डर दिली.