आईच्या खोलीतलं कपाट

पुण्यात नवीन फ्लॅटमध्ये आलो त्याला दीड वर्ष झालं. बिल्डिंगला ग्रीन सर्टिफिकेट आहे, सोलर आहे, पावसाचं पाणी जिरवतात, खरंच छान काम आहे. पण पहिल्याच पावसाळ्यात आईच्या खोलीतलं कपाट उघडलं की डोळे चुरचुरायचे, आणि तिचा खोकला काही थांबेना. "अगं नवीन सामान आहे, वास येणारच" असं तीच मला समजवायची.

एका रविवारी सगळ्या साड्या बाहेर काढल्या आणि टॉर्च घेऊन आत बघितलं. समोरून लॅमिनेट चकचकीत, पण कप्प्यांच्या मागच्या कडा कोऱ्याच, प्लायचे थर उघडे, भिंतीकडची बाजू तर तशीच सोडलेली. तिथे नाक नेलं आणि टचकन पाणीच आलं डोळ्यात.

साध्या एमआर (थोडा ओलावा सोसणाऱ्या) प्लायचे आणि एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांचे) गोंद बहुतेक युरिया फॉर्मल्डिहाइडचे असतात, दमट हवेत आणि उष्म्यात ते हळूहळू सुटतात आणि फॉर्मल्डिहाइड हा गॅस खोलीत येतो, म्हणून पावसाळ्यात त्रास जास्त. हाच गॅस २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॅन्सरकारक ठरवलाय. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायचा गोंद फिनॉलचा, तो गॅस खूप कमी सोडतो. आम्ही सुताराला फक्त "चांगलं प्लाय लावा" एवढंच सांगितलेलं, ग्रेड विचारलीच नाही.

आणि सर्टिफिकेट बिल्डरच्या कामाचं असतं, त्याने लावलेला रंग, त्याच्या खिडक्या वगैरे, ताबा घेतल्यावर आपण आत काय आणतो ते त्यात कुठे धरलेलं असतं? उलट एसीची वीज वाचावी म्हणून खिडक्या इतक्या घट्ट बसवल्यात की आतला गॅस आतच. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर हेच झालं, इमारतींमध्ये आत घ्यायची बाहेरची हवा माणशी मिनिटाला १५ घनफुटांवरून ५ वर आणली, लोकांची डोकी दुखायला लागली, डोळे जळायला लागले, शेवटी १९८९ मध्ये परत किमान १५ केली.

प्युरिफायर घ्यायला निघालेच होते, पण त्यातला हेपा फिल्टर (बारीक कण अडवणारी जाळी) धूळ पकडतो, गॅस नाही, गॅससाठी कार्बनचा जाड थर लागतो. कुंड्यांचंही तेच, फरक पडायला अख्खं घर झाडांनी भरावं लागेल. मग सुताराला परत बोलावलं, सगळ्या कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी), मागच्या बाजूलाही लॅमिनेट, आणि आई महिनाभर माझ्या खोलीत झोपली, तिच्या खोलीच्या खिडक्या दिवसभर उघड्या आणि पंखा चालू. खोकला बराच कमी झालाय. आता किचनच्या ट्रॉल्या करायच्यात, यावेळी प्लायवरचा शिक्का मी स्वतः वाचणार.