शॉर्टवेव्ह रेडिओ घरात नीट लागेपर्यंत : माझा अनुभव

रेडिओ टेकसन पीएल-३३०. तळहाताएवढा, पण लाँगवेव्ह, मीडियमवेव्ह, एफएम आणि १७११ ते २९९९९ किलोहर्ट्झपर्यंतची सगळी शॉर्टवेव्ह त्यात बसवलेली आहे, एसएसबीसुद्धा (हौशी रेडिओवाले आणि विमानांची प्रसारणं वापरतात ती पद्धत) आहे. पेटीतून काढला, बॅटरी घातली, शॉर्टवेव्ह लावली की शहरातल्या फ्लॅटमध्ये ऐंशी टक्के जणांना एकच गोष्ट ऐकू येते: खरखर. मग 'शॉर्टवेव्हवर आता काही उरलं नाही' असं म्हणून रेडिओ कपाटात जातो. खरं तर त्या घरात केंद्रापेक्षा चार्जर जोरात वाजत असतो. मी जो क्रम पाळतो तो असा: आधी घड्याळ, मग घरातला गोंगाट, मग जागा आणि तार सगळ्यात शेवटी. बहुतेक जण तारेपासून सुरुवात करतात. तार आकाशातला सिग्नल ओढते तसा घरातला गोंगाटही ओढते, त्यामुळे पदरात काहीच पडत नाही.

बॅटरी बीएल-५सी, म्हणजे जुन्या नोकियाच्या फोनात असायची तीच, ३.७ व्होल्टची. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात मिळते, ही मोठी सोय. मात्र स्वस्तातल्या बॅटरीवर छापलेल्या मिलिअँपिअरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि पोट फुगलेली बॅटरी कोंबून बसवू नका. मागचं झाकण वर उचललं जातं आणि आतल्या पट्ट्या वाकतात. चार्जिंग साध्या ५ व्होल्टच्या चार्जरवर होतं. चार्जिंगला लावून ऐकायचं मात्र नाही. चार्जरमधलं स्विचिंग सर्किट थेट रेडिओच्या आत खरखर पाठवतं आणि तुम्ही बिचाऱ्या अँटेनाला दोष देत बसता.

घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) लावा, २४ तासांच्या पद्धतीत. जगातली सगळी वेळापत्रकं यूटीसीत असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. भारतीय वेळ फोनवर दिसतेच. यात वाराची गडबड हमखास होते: वेळापत्रकात 'रविवार २२:००' असेल तर आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेतीन वाजलेले असतात. पहाटे साडेपाचला यूटीसीचे शून्य वाजतात, नवी तारीख सुरू होते आणि बरीच प्रसारणं त्याच ठोक्याला चालू किंवा बंद होतात. शिवाय केंद्रं आपल्या फ्रिक्वेन्सी वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. वेळापत्रकावर पहिल्या हंगामाला 'ए' आणि दुसऱ्याला 'बी' लिहिलेलं असतं. 'बी२४'चा तक्ता घेऊन मे महिन्यात शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

मीडियमवेव्हची पायरी, म्हणजे एका वेळी फ्रिक्वेन्सी किती सरकते ते, ९ किलोहर्ट्झ हवी. रेडिओ १० वर असेल तर पट्टा ५२० ते १७१० असा दिसतो, ९ वर ५२२ ते १६२०. पुणे ७९२, नागपूर ५८५, रत्नागिरी ११४३. हे सगळे आकडे ९ ने भागले जातात, १० ने नाही. १० च्या पायरीवर स्कॅन केलं तर ते ७९० वर अडखळतं किंवा सरळ पुढे निघून जातं. शॉर्टवेव्हवरची प्रसारणं मात्र जगभर ५ च्या पायरीवर असतात: ९६००, ९६०५, ९६१० अशी.

आता गोंगाट. याला मी एक तास देतो, आणि तो तास सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. रेडिओ बॅटरीवर चालू करायचा, अँटेनाची दांडी पूर्ण उघडायची आणि ९९०० च्या थोडं वर, जिथे केंद्र नाही अशी मोकळी जागा लावायची. पडद्यावर सिग्नलची ताकद आणि गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, असे दोन आकडे दिसतात. पहिला लिहून ठेवायचा. मग घरातल्यांना सांगून, कॉम्प्युटर बंद करून मेन स्विच पाडायचा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. तशीच राहिली तर शेजारी, जिन्यातला दिवा किंवा लिफ्ट. त्यानंतर सगळे एमसीबी पाडून मेन स्विच वर करायचा, मग एकेक एमसीबी वर करत जायचं आणि ज्या वेळी आवाज उसळतो त्या खोलीत एकेक प्लग काढून पाहायचा.

आवाजावरूनही चोर ओळखता येतो. सगळ्या पट्टाभर एकसारखी खरखर म्हणजे बहुधा स्वस्त एलईडी बल्ब. त्यातल्या चालक सर्किटात गोंगाट अडवणारा फिल्टर घातलेलाच नसतो. चाळीस-पन्नास किलोहर्ट्झच्या अंतरानं पुन्हा पुन्हा येणारा, सरकत राहणारा गुरगुराट म्हणजे चार्जर किंवा लॅपटॉपचा अडॅप्टर. जाड घरघर असेल आणि पंख्याचा वेग बदलला की तीही बदलत असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. फुल स्पीडवर ती बरीच कमी होते. सेट-टॉप बॉक्स आणि राउटर यांचे अडॅप्टर हे लपून बसलेले गुन्हेगार, कारण ते कोणी बंदच करत नाही. इन्व्हर्टर, इंडक्शन शेगडी, डास मारायचं मशीन यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. बदलता येईल ते बदलायचं. उरलेल्यांच्या वायरवर, उपकरणाला अगदी चिकटून, फेराइटचा कोअर बसवायचा आणि वायर त्यातून जमेल तितके वेढे घेऊन काढायची. एकदाच ओवलेल्या वायरनं शॉर्टवेव्हच्या खालच्या भागात फारसा फरक पडत नाही, पाच-सहा वेढ्यांनी पडतो.

जागेचं गणित सोपं आहे. आरसीसीच्या स्लॅबमध्ये सळ्यांची जाळी असते, खिडकीला लोखंडी ग्रिल आणि ॲल्युमिनियमची सरकती चौकट. हॉलच्या मधोमध बसलात तर तुम्ही पिंजऱ्यात बसलेले असता. बाल्कनीच्या कठड्याशी किंवा खिडकीच्या बाहेर दांडी डोकावेल असं बसलं की तोच रेडिओ वेगळा वाटतो. बाकी रेडिओ गोल गोल फिरवण्याचा उपयोग मीडियमवेव्हवर. तिथे अँटेना म्हणजे आतली फेराइटची कांडी, आणि ती आडव्या बाजूनं जास्त धरते. शॉर्टवेव्हवर काम दांडी करते, तिथे रेडिओ फिरवून हाताला व्यायाम होतो एवढंच.

कुठे शोधायचं? तीन लाखाला किलोहर्ट्झनं भागलं की मीटर मिळतात: ९६०० म्हणजे ३१.२५, म्हणून ते ३१ मीटर. ढोबळ नियम असा की दिवसा वरचे पट्टे आणि रात्री खालचे. दिवसा सूर्यामुळे आयनांबराचा खालचा, 'डी' थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी पिऊन टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि ४९ मीटर (५९०० ते ६२००) व ४१ मीटर (७२०० ते ७४५०) जिवंत होतात. रात्र वाढते तसे १६ मीटर (१७४८० ते १७९००) आणि १३ मीटर सहसा गप्प होतात. ३१ आणि २५ मीटर हे सगळ्यात भरवशाचे. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा अर्धा तास सोन्याचा. भर दुपारी दोन वाजता ४९ मीटर लावून 'रेडिओ मेला' म्हणणाऱ्यांची संख्या कमी नाही.

चीनचं आंतरराष्ट्रीय केंद्र इतक्या ठिकाणी आणि इतक्या जोरात येतं की रेडिओ ठीक आहे की नाही हे पाहायला तेच पुरतं. बीबीसी हिंदीची वाट पाहू नका, ती शॉर्टवेव्हवर ३१ जानेवारी २०२० ला थांबली.

ईटीएम प्लस हे आपोआप शोधण्याचं बटण चांगलं आहे, पण त्याची खोड समजून घ्यावी लागते. ते सापडलेली केंद्रं त्या त्या तासाच्या खात्यात ठेवतं, आठ वाजताची यादी वेगळी, नऊची वेगळी. घड्याळ लावलेलं नसेल तर ही सगळी मांडणी निरर्थक. त्याच तासात परत स्कॅन केलं की जुनी यादी पुसली जाते. आणि घरातला गोंगाट न घालवता स्कॅन केलं तर यादीत निम्मी 'केंद्रं' म्हणजे तुमचा राउटर. सापडलेल्यांपैकी जे खरं आहे ते ८५० मेमऱ्यांपैकी एकीत हातानं साठवायचं.

आवाज फाटका येत असेल तर बँडविड्थ (रेडिओ एका वेळी किती रुंद पट्टा ऐकतो ते) बदलून पाहा. शॉर्टवेव्हवर ५, ३ आणि २.५ किलोहर्ट्झ असे पर्याय आहेत. एकटं, दणदणीत केंद्र ५ वर. शेजारच्या ५ किलोहर्ट्झवर दुसरं बसलं असेल तर २.५. तरीही शिट्टी राहिली तर शेजाऱ्याच्या विरुद्ध दिशेला १ किलोहर्ट्झ सरकायचं: ९६०५ वर त्रास देणारं केंद्र असेल तर ९६०० ऐवजी ९५९९. आवाज थोडा किरकिरा होतो, पण शब्द कळतात. सिग्नल बुडताना आवाज विचित्र घोगरा होतो तेव्हा वाहक लहर (जिच्यावर आवाज चढवलेला असतो ती) बाजूच्या, आवाज वाहणाऱ्या लहरींपेक्षा जास्त खाली गेलेली असते. तिथे रेडिओतली सिंक ही सोय उपयोगी, कारण वाहकाची जागा रेडिओ स्वतः भरून काढतो. केंद्र फारच अशक्त असेल तर सिंकची पकड सुटते आणि कुई-कुई ऐकू येते. मग ते बंद केलेलं बरं.

एवढं झाल्यावर तार. साधी पीव्हीसी आवरणाची, एक कोअरची तांब्याची वायर ७ मीटर. एका टोकाला मगर क्लिप, ती दांडीला. दुसरं टोक नायलॉनच्या दोरीनं बाल्कनीबाहेर, भिंतीपासून हातभर लांब. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा पडली तर त्यांच्यावर पडेल अशी कुठेही नाही. २० मीटर टाकली की तिप्पट ऐकू येईल असं वाटतं, पण छोट्या रेडिओचं तोंड त्यानं भरून जातं: जवळचं मीडियमवेव्ह केंद्र शॉर्टवेव्हवर भलत्याच जागी बोलू लागतं, पट्टा भरल्यासारखा वाटतो आणि खरी केंद्रं दबतात. क्लिप काढल्यावर ती भुतं गेली तर तार लांब झाली, आखडायची.

गच्ची मिळत असेल तर पुढची पायरी सार्थकी लागते. ४३ नंबरच्या मटेरियलचा, इंचभर व्यासाचा फेराइट टोरॉइड (गोल कडं) घ्यायचा. त्यावर एनॅमल्ड तारेचे ९ वेढे आणि त्यांना न जोडलेले ३ वेढे. ९ वेढ्यांच्या एका टोकाला अँटेनाची तार, दुसऱ्याला तितक्याच लांबीची खाली सोडलेली तार. ३ वेढ्यांच्या बाजूला कोअॅक्सिअल केबल, तिच्या शेवटी ३.५ मिलिमीटरची मोनो पिन: टोकाला मधली तार, बुंध्याला जाळी. डाग देण्याआधी एनॅमल खरवडून काढायचं, नाहीतर वरून छान दिसणारा सांधा आत कोरडा राहतो. वेढ्यांचे दोन संच एकमेकांना न जोडण्यातच सगळी गंमत आहे: घरातला गोंगाट केबलच्या जाळीवरून अँटेनाकडे चढू शकत नाही. जाळी घरच्या थ्री-पिनच्या अर्थिंगला जोडायचा मोह टाळा. घरभराच्या अडॅप्टरांची घाण त्याच तारेत उतरलेली असते.

पिन खोचण्यापूर्वी तिच्या टोकाचा जाळीशी क्षणभर स्पर्श करून घ्या. कोरड्या वाऱ्यात लांब तारेवर स्थिर वीज साठते, आणि रेडिओच्या तोंडाशी असलेला ट्रान्झिस्टर त्या एका ठिणगीनं जातो. लक्षण ठरलेलं: एफएम ठणठणीत, शॉर्टवेव्ह बहिरी. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की केबल काढून घराबाहेर ठेवायची. रेडिओ नुसता बंद करून काही होत नाही.

एसएसबी शेवटी, कारण त्याला हात बसावा लागतो. आधी १०००० किलोहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळदर्शक केंद्र लावा. सेकंदासेकंदाला टिक येते. यूएसबी (एसएसबीची वरची बाजू, चार्जिंगची पिन नव्हे) दाबा, मग एलएसबी (खालची बाजू). दोन्हीकडे शिट्टीचा सूर सारखाच खाली जाऊन शून्याला आला पाहिजे. दोन्हींत फरक असेल तर १० हर्ट्झच्या पायरीनं सूर शून्यावर आणून मॅन्युअलमधल्या रीतीनं रेडिओ जुळवून घ्या. रेडिओ तापला की जुळणी थोडी सरकते, म्हणून चालू करून वीस मिनिटांनी हे करावं.

मग सकाळी ७०५० ते ७१५० मध्ये, एलएसबीवर, हौशी रेडिओवाले सापडतात. १० मेगाहर्ट्झच्या खाली ते एलएसबी वापरतात, वर यूएसबी. बदकासारखा आवाज आला तर बाजू चुकली आहे किंवा शंभर-दोनशे हर्ट्झ सरकायचं आहे. विमानांसाठीचं मुंबईचं हवामान-प्रसारण, व्होल्मेट, नेहमी यूएसबीवर असतं: ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ, पहिली रात्रीसाठी बरी, दुसरी दिवसा. नेमून दिलेली वेळ प्रत्येक तासाच्या २५ आणि ५५ मिनिटांनी, पाच-पाच मिनिटं. आपल्या वेळेतला अर्ध्या तासाचा फरक इथे कामी येतो, यूटीसी पाहा नाहीतर भारतीय, मिनिटं तीच. बँडविड्थ ३ वर ठेवा, हेडफोन लावा आणि दोन मिनिटं आधीच फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसा. वाऱ्याची दिशा, दृश्यता, ढग, तापमान हे सगळं ते एका दमात वाचून टाकतात.